पहिलीचं वय, ३१ डिसेंबर आणि ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीचे फॉर्म सुटले की तेच ते प्रश्न नव्याने येऊ लागतात. काही पालकांचे, काही मुख्याध्यापकांचे, आणि बरेचसे आजी-आजोबांचे, कारण घरात नियमाचा कागद वाचून काढणारे तेच असतात. खालची उत्तरं महाराष्ट्राच्या नियमाला धरून आहेत. बदलीमुळे किंवा सीमाभागामुळे जिथे दुसऱ्या राज्याशी गाठ पडते, तिथे तसं लिहिलं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न २ आणि प्रश्न ६ तेवढे वाचा.

१. पहिलीत घालायला मुलाचं वय नेमकं किती पूर्ण लागतं?

सहा वर्षं. ती शाळा सुरू होते त्या जूनमध्ये पूर्ण असायला हवीत असं मात्र नाही. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात. सरकारी कागदात या तारखेला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. नर्सरीसाठी याच हिशेबाने ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात. ही तारीख १८ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ठरली आणि २०२१-२२ पासून लागू झाली.

२. हिशेब गोंधळात टाकतो. २०२६-२७ साठी सरळ जन्मतारखा सांगाल का?

नर्सरी किंवा प्लेग्रुपसाठी जन्म ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतचा हवा, ज्युनिअर केजीसाठी ३१ डिसेंबर २०२२ पर्यंतचा, सिनिअर केजीसाठी ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतचा आणि पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या भाषेत नर्सरी, ज्युनिअर आणि सिनिअर म्हणजे बालवाटिका १, २ आणि ३. पुढच्या वर्षासाठी प्रत्येक तारखेत एक वर्ष मिळवा.

बहुतेक पालक नर्सरीपासून पुढे मोजत जातात: ‘दीडला प्लेग्रुप, सव्वादोनला नर्सरी...’ आणि पहिलीच्या दारात आल्यावर काही महिने कमी पडतात. उलट करा. मूल कोणत्या जूनमध्ये पहिलीत बसेल ते आधी ठरवा आणि तिथून तीन वर्षं मागे या. वयाच्या नियमावरून होणारी निम्मी भांडणं एवढ्यानेच टळतात.

३. हा नियम सारखा बदलतो का? माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी वेगळाच होता.

मोठी मुलगी आता माध्यमिक शाळेत असेल तर हो, तिच्या वेळी वेगळाच होता. आधी पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत जायचं. २१ जानेवारी २०१५ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा टप्प्याटप्प्याने सहावर नेली, तेव्हा मोजायची तारीख ३१ जुलै होती. २०१७ मध्ये ती ३० सप्टेंबर झाली आणि २०२० मध्ये ३१ डिसेंबर.

म्हणजे किमान वय वर गेलं आणि मोजायची तारीख मात्र पालकांच्या आग्रहापुढे खाली सरकत गेली. आजच्या नियमाने ३१ डिसेंबरला जन्मलेलं मूल जूनच्या मध्यावर पहिलीत बसतं तेव्हा ते जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं. ‘पहिलीला सहा वर्षं’ हे वाक्य महाराष्ट्रात अर्धंच खरं आहे.

४. म्हणजे हे सगळं नवीन शैक्षणिक धोरणामुळे नाही?

पूर्णपणे नाही. मुळाशी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो आणि पहिली पाचव्या, ही विसंगती महाराष्ट्राने २०१५ मध्ये, म्हणजे धोरणाच्या आधीच दूर करायला घेतली.

जुलै २०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला: तीन वर्षं पूर्वप्राथमिक, मग पहिली आणि दुसरी. त्यानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना ‘पहिलीला सहा’ करण्याविषयी पुन्हा पुन्हा पत्रं पाठवली. त्यामुळे आज हा विषय देशभर एकदम चर्चेत आल्यासारखा वाटतो.

५. मुलगी १ जानेवारीला जन्मली. एका दिवसासाठी तिचं अख्खं वर्ष अडकवायचं?

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात चिडून विचारला जातो, आणि चीड समजण्यासारखी आहे. पण तारीख कुठलीही ठेवली तरी तिच्या पलीकडे कुणीतरी एका दिवसाने राहतंच. आधी ऑगस्टची मुलं राहायची, मग ऑक्टोबरची, आता जानेवारीची. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांचा (खाजगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव) ऑनलाइन अर्ज जन्मतारखेवरच चालतो, त्यात एका दिवसाचीही गय नसते. इतर शाळांमध्येही ‘आमच्या ओळखीने होईल’ असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. ओळखीने झालेला प्रवेश पुढे कागदावर तपासला जातो, तेव्हा ती ओळख सोबत येत नाही.

दुसरी बाजूही बघा. जानेवारीची ही मुलगी पहिलीत बसेल तेव्हा साडेपाचची नाही, जवळजवळ साडेसहाची असेल. वर्गात ती मोठ्या मुलांमध्ये गणली जाईल. ते किती कामाला येतं, ते पुढच्याच उत्तरात आहे.

६. आमचा मुलगा नोव्हेंबरचा आहे. नियमात बसतो. घालू की वर्षभर थांबू?

हा खरा प्रश्न. नियम किमान वय सांगतो. त्या वयाला मूल शाळेत घातलंच पाहिजे असं तो म्हणत नाही. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या घरी निवड करायला जागा असते, आणि नेमकी त्याच घरांत ती निवड फारशी कुणी करत नाही. तारखेत बसतो ना, मग घाला, असंच होतं.

पहिलीचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. २५ टक्के जागांसाठीची तारखांची चौकट घेतली तर २०२६-२७ च्या पहिलीत १ जुलै २०१९ ला जन्मलेली मुलगी आणि ३१ डिसेंबर २०२० ला जन्मलेला मुलगा एका बाकावर बसू शकतात. जूनमध्ये ती पावणेसात ओलांडून पुढे गेलेली, तो साडेपाचचाही नाही. तिला दुरेघी वहीत ‘ळ’ची गाठ जमते. त्याची पेन्सिल अजून मुठीत असते, दोन ओळी झाल्या की मनगट दुखतं आणि डब्याच्या सुट्टीनंतर डोळे मिटायला लागतात. दोघांना एकच अभ्यास, एकच चाचणी आणि पालकसभेत एकाच मापाची टिप्पणी. त्याच्या वाट्याला ‘लक्ष देत नाही’ हा शेरा येतो. खरं तर तो दीड वर्षाने लहान आहे, एवढंच.

वर्गातली सगळ्यात लहान मुलं सुरुवातीच्या इयत्तांत सरासरीने मागे पडलेली दिसतात आणि वरच्या इयत्तांत हा फरक कमी होत जातो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. फरक पुढे मिटणार असला तरी ‘हा कच्चा आहे’ हा शिक्का तेवढ्या सहज पुसत नाही.

तरी सगळ्यांनी थांबावं असं मी म्हणणार नाही. मूल स्वतःची चप्पल घालतं, शू लागली तर सांगतं, आईशिवाय चार तास रमतं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकतं आणि अनोळखी बाईंना उत्तर देतं, तर नोव्हेंबरचं असलं तरी बिनधास्त घाला. यातलं निम्मं जमत नसेल तर थांबा. एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे येतात की नाही, हे या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. शाळेला एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या वर्गात बहुतेक मुलं कोणत्या महिन्यांतली आहेत?’ ज्या शाळेत बाकीचे सगळे मार्च-एप्रिलचे, तिथे नोव्हेंबरचं मूल जास्त एकटं पडतं.

थांबायचं ठरवलं तर ते नर्सरीला थांबा. सिनिअर केजी झाल्यावर थांबवलं तर मित्र पुढे जातात आणि मुलाला ते कळतं.

७. थांबवलं तर पुढे नीट, जेईई, एनडीए यांत वर्ष वाया जाणार ना?

नीटसाठी प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण लागतात. आजच्या नियमाने पहिलीत गेलेलं कुठलंही मूल बारावीच्या वर्षी त्या तारखेला १८ पूर्ण केलेलं असतं, म्हणजे इथे अडचणच नाही. अडचण आली ती जुन्या काळात साडेचारला पहिलीत बसवलेल्या मुलांना. बारावी झाली, गुण मिळाले आणि वय सतराला काही दिवस कमी. त्यांचं वर्ष खरंच गेलं, आणि ते गेलं घाईमुळे.

एनडीएची वयाची खिडकी साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. नोव्हेंबरचा मुलगा थांबला तर बारावीच्या परीक्षेच्या वेळी सव्वाअठरा वर्षांचा असेल. परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यामुळे संधी उरते, पण एक-दोन कमी होतात. घरात सैन्यात जायचं पक्कं असेल तर हा हिशेब जरूर धरा. नवोदयची सहावी, शिष्यवृत्ती परीक्षा यांनाही वरची वयोमर्यादा असते. २०२६ च्या नवोदय सहावीसाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ अशी जन्मतारखांची चौकट होती. आपल्याकडच्या नियमाने वेळेवर चाललेलं मूल त्यात आरामात बसतं, दोनदा थांबलेलं कदाचित नाही.

८. दोन वर्षं दोन महिन्यांच्या मुलीला एक शाळा थेट नर्सरीत घ्यायला तयार आहे. पुढे काही होईल?

होईल. ती तीन वर्षांनी सिनिअर केजी संपवून उभी राहील तेव्हा पहिलीला वय भरत नसेल. शाळा तेव्हा म्हणेल, ‘नियम सरकारचा आहे.’ फी मात्र तुम्ही तीन वर्षांची भरलेली असेल. मुलाला रमायला पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, पण ते पाळणाघर किंवा खेळघर समजून. नर्सरीचं वर्ष म्हणून मोजू नका.

पूर्वप्राथमिक वर्गांवर आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं फारसं नियंत्रण नव्हतं. गल्लीतल्या बंगल्यात पाटी लावली की शाळा सुरू. २०२५ मध्ये खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांना शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर माहिती नोंदवायला सांगितलं गेलं. प्रवेश घेताना ती नोंद झाली आहे का, हे विचारायला लाजू नका.

गुजरातमध्ये हाच वाद उच्च न्यायालयात गेला होता. तिथे २०२३-२४ पासून १ जूनला सहा पूर्ण हा नियम आला तेव्हा पालकांचं म्हणणं होतं की मुलांची पूर्वप्राथमिकची तीन वर्षं झाली आहेत, त्यांना अडवू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि तीन वर्षांच्या आत मुलांना शाळेत धाडण्याबद्दल पालकांनाच खडसावलं.

९. मुलगा वयात बसतो, तरी शाळा म्हणते सिनिअर केजी पुन्हा करा. त्यांना तसा अधिकार आहे?

नापास न करण्याची तरतूद पहिलीपासून पुढे आहे, केजीला ती लागू नाही. त्यामुळे शाळा सल्ला देऊ शकते. मात्र पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा मुलाखत घेणं कायद्याने बंद आहे. पालकांची मुलाखतही त्यातच येते. पहिल्या वेळेला २५ हजार आणि पुढे दर वेळेला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘चाचणीत आला नाही म्हणून पहिलीत घेत नाही’ असं शाळा म्हणत असेल तर ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की सूर बराच बदलतो.

पण सल्ल्यामागचं कारणही शांतपणे ऐका. बाई वर्षभर मुलाला पाहत असतात. प्रश्न ६ मधल्या यादीशी त्यांचं म्हणणं जुळतंय का, ते बघा.

१०. आरटीई (शिक्षण हक्क) २५ टक्क्यांच्या अर्जात वय जास्त म्हणून नाव घेत नाही. वयाला वरची मर्यादा पण आहे?

आहे. २०२५-२६ च्या प्रवेशांत पहिलीसाठी १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ मधला जन्म लागत होता, म्हणजे ३१ डिसेंबरला जास्तीत जास्त ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. नर्सरीला हीच वरची मर्यादा ४ वर्षं ५ महिने ३० दिवस. ज्यांना या जागांतून अर्ज करायचा आहे त्यांनी थांबण्याचा निर्णय घेण्याआधी ही मर्यादा तपासावी. नोव्हेंबर-डिसेंबरचं मूल एक वर्ष थांबून चौकटीत राहतं. मे महिन्यातलं मूल थांबवलं तर बाहेर पडतं.

शाळेचा प्रवेशस्तरही बघा. काही शाळांत या जागा नर्सरीला असतात, काहींत थेट पहिलीला.

११. मुलगी नऊ वर्षांची आहे, शाळेत कधी गेलीच नाही. आता पहिलीतही घेणार नाहीत का?

घेणार, आणि पहिलीत नाही तर तिच्या वयाच्या वर्गात घेणार. वरच्या उत्तरातली मर्यादा फक्त त्या २५ टक्के जागांची आहे, शिक्षणाच्या हक्काची नाही. सहा वर्षांवरचं मूल शाळेबाहेर असेल तर त्याला वयानुरूप वर्गात दाखल करायचं आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. बीड-नगरकडून कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतली, वीटभट्टीवरची आणि बांधकामावरची मुलं यातच येतात. जून उलटून गेला हेही नकाराचं कारण होऊ शकत नाही.

१२. जन्मदाखलाच नाही. शाळा फॉर्म घेत नाही.

वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं चौदावं कलम. महाराष्ट्रात दाखला नसेल तर रुग्णालयातल्या किंवा आरोग्यसेविकेच्या (एएनएम) नोंदवहीतला उतारा, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद, तेही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापत्र चालत आलं आहे.

आता एक बदल लक्षात ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्या तारखेनंतरची पहिली मुलं २०२६-२७ च्या नर्सरीत येतात. म्हणजे धाकट्याच्या वेळी प्रतिज्ञापत्रावर भागेल असं समजू नका. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून राज्यात त्याची पडताळणी कडक झाली आहे. प्रवेशाच्या हंगामात धावपळ करण्यापेक्षा आधीच तालुक्याला जाऊन या.

१३. दोन महिने मागची तारीख लावून घेता येईल का? पूर्वी तर सर्रास व्हायचं.

पूर्वी व्हायचं, खरं आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. गुरुजींनी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचं आणि जनरल रजिस्टरमध्ये १ जून टाकून मोकळं व्हायचं. निवृत्ती त्या तारखेवरच झाली आणि घरी त्यावर विनोदही झाले.

आज जन्मदाखला, आधार आणि शाळेची ऑनलाइन नोंद एकमेकांशी ताडून पाहिली जाते. एका कागदावर तारीख बदलली की पासपोर्टपासून जात पडताळणीपर्यंत सगळीकडे खुलासे देत बसावं लागतं, आणि शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आधारवरची तारीख चुकली असेल तर जन्मदाखला दाखवून आधारच दुरुस्त करा, दाखला आधारप्रमाणे बदलायला जाऊ नका.

१४. आमची सीबीएसई शाळा ३१ डिसेंबर मानत नाही, ३१ मार्च म्हणते.

वयाच्या बाबतीत सीबीएसई राज्याच्या नियमाकडेच बोट दाखवतं. राज्याची ३१ डिसेंबर ही किमान अट आहे. एप्रिलमध्ये सत्र सुरू करणाऱ्या बऱ्याच खाजगी शाळा त्याहून मोठी मुलं पसंत करतात आणि माहितीपत्रकात स्वतःची तारीख छापतात. २५ टक्के जागांना मात्र त्यांची तारीख चालत नाही. बाकी जागांसाठी वाद घालण्याआधी प्रश्न ६ पुन्हा वाचा. ज्या शाळेत सगळा वर्ग मार्चआधीचा आहे तिथे डिसेंबरचं मूल भांडून बसवून काय साधणार?

१५. वडिलांची बदली होत राहते. केंद्रीय विद्यालयात हाच नियम आहे का?

नाही, तिथे ३१ मार्चला सहा पूर्ण आणि जास्तीत जास्त आठ. २०२२-२३ मध्ये पाचचं सहा केलं तेव्हा पालक दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये नियम कायम राहिला.

एप्रिल ते डिसेंबर २०२० मध्ये जन्मलेलं मूल २०२६-२७ ला जिल्हा परिषदेच्या किंवा खाजगी शाळेच्या पहिलीत बसेल, पण केंद्रीय विद्यालयात त्याला बालवाटिका ३ मिळेल, तीही जिथे ती सुरू आहे तिथेच. पुढच्या वर्षी दुसरीत टाकू म्हणाल तर दुसरीसाठीही त्यांची स्वतःची वयाची अट असते. बदलीची नोकरी असेल तर मार्चचाच हिशेब धरा, दोन्हीकडे चालतो.

१६. आम्ही कोल्हापूरहून बेळगावला जातोय. अडचण येईल?

येऊ शकते. कर्नाटकात १ जूनला सहा पूर्ण लागतात. २०२५-२६ ला पालकांच्या दबावामुळे ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सूट दिली, पण ती त्या एका वर्षापुरती म्हणून. जून ते डिसेंबरमधलं मूल महाराष्ट्रात पहिलीत आणि सीमेपलीकडे केजीत, असं होतं. सुरत-बडोद्याकडे जाणाऱ्यांचंही तेच, तिथेही १ जून. पहिली अर्धी झाल्यावर घर हलवण्यापेक्षा पहिली पूर्ण करून, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक हातात घेऊन गेलेलं बरं.

१७. परदेशातून परत येतोय. तिथली इयत्ता इथे कशी धरायची?

अमेरिकेतली पहिली आपल्या पहिलीशी बऱ्यापैकी जुळते. इंग्लंडमध्ये चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरला ‘रिसेप्शन’ सुरू होतं, त्यामुळे तिथून ‘इयर वन’ करून आलेलं सहा वर्षांचं मूल इथे पहिलीतच शोभतं, आकडा बघून दुसरीचा हट्ट धरू नका. आखातातल्या एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या भारतीय शाळा ३१ मार्च धरतात, तिथून येणाऱ्यांना अडचण नाही.

१८. मूल सातव्या महिन्यात जन्मलं. वय मूळ तारखेपासून धरता येईल का?

नाही, दाखल्यावरची तारीखच. पण घालायचं की थांबायचं हे ठरवताना ते जरूर धरा. दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा असा आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत घाई करायचं कारण आणखी कमी.

१९. आम्ही छोट्या शाळेत शिक्षक आहोत. वय वाढवल्यावर पट घसरतो, त्याचं काय?

पालकांना न दिसणारी बाजू ही. किमान वय टप्प्याने वाढवलं जातं त्या वर्षांत बारा महिन्यांहून कमी काळात जन्मलेली मुलंच पहिलीला पात्र ठरतात. पट कमी, म्हणजे संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तिच्यात) पदं कमी, म्हणजे कुणीतरी शिक्षक अतिरिक्त. वीसच्या आतबाहेर पट असलेल्या वाडीवरच्या शाळेत चार मुलं कमी झाली तरी चित्र बदलतं.

तारीख पुढे सरकवली की उलटं होतं. २०२१-२२ ला ३० सप्टेंबरची ३१ डिसेंबर झाली तेव्हा कागदावर पंधरा महिन्यांत जन्मलेली मुलं एका पहिलीला पात्र होती, तीही शाळा बंद असताना. ती तुकडी २०२६-२७ ला सहावीत आहे. तिच्यात लहानमोठ्यांची सरमिसळ जास्त वाटत असेल तर कारण हेही आहे.

पट टिकवायला अंगणवाडीतलं पाच वर्षांचं मूल उचलून पहिलीत बसवायचं, हा जुना उपाय आता चालत नाही. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत आहे आणि तिचं मूल पळवलं की तिचीही संख्या घसरते. त्यापेक्षा मार्चमध्येच अंगणवाडीताईंसोबत बसून दाखलपात्र मुलांची यादी जन्मतारखेनुसार करा. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’चे शाळापूर्व तयारी मेळावे होतात, त्यात ही यादी हाताशी असली तर कोणत्या घरी थांबायचा सल्ला द्यायचा तेही कळतं. पहिलीच्या सुरुवातीला खेळातून तयारी करून घेणारा ‘विद्याप्रवेश’ हा तीन महिन्यांचा कार्यक्रम आहे. बऱ्याच ठिकाणी तो पंधरा दिवसांत गुंडाळून पाठ्यपुस्तक उघडलं जातं. साडेपाचची मुलं वर्गात असतील तर तो पूर्ण तीन महिने चालवा.

२०. मूल आधीच दुसरीत आहे आणि वय कमी आहे. नवा नियम आला तर मागे बसवतील का?

आजवरचे बदल नव्या प्रवेशांना लागू झाले, चालू वर्गातल्या मुलांना उठवून मागे बसवलेलं नाही. अशा मुलाला अडचण येते ती शाळा बदलताना, विशेषतः प्रश्न १५ आणि १६ मधल्या ठिकाणी. शक्यतो त्याच शाळेत ठेवा.

२१. वय बसतं, कागद आहेत, तरी शाळा नाही म्हणते. जायचं कुठे?

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे प्राथमिकचे शिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार अशा लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीसोबत जन्मदाखल्याची प्रत, अर्जाची पोच आणि शाळेने नकार कधी, कोणत्या शब्दांत दिला हे तारखेसह जोडा. फोनवर मिळालेला नकारही त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवा.